मधली वर्षं

आमच्याकडे पुनर्विकासाचं बोलणं निघालं की आकडे दोनच असायचे, १६० आणि ५००. जुनी खोली १६० चौरस फुटांची, नवं घर ५०० चौरस फुटांचं, तेही मालकीचं आणि बांधकामाचा एक रुपया न देता. वरळीच्या बीडीडी चाळीत कोणालाही झोपेतून उठवून विचारा, हे दोन आकडे बरोबर सांगेल. या दोन आकड्यांच्या मधे मात्र एक भाड्याची खोली होती, आणि त्या खोलीत माझा धाकटा चार वर्षांचा होता तो आठ वर्षांचा झाला. आम्हा मोठ्यांसाठी ती वर्षं म्हणजे वाट पाहणं. त्याचं मात्र बालपणच ते. म्हणून हे लिहितेय.

चाळीबद्दल आधी थोडं सांगायला हवं, कारण चाळीबद्दल लिहिणारे बहुतेक पुरुष असतात आणि त्यांना तिथलं सगळंच गोड आठवतं. आमच्या ह्यांचंही तसंच. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथल्या या चाळी १९२० च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधल्या, म्हणून बीडीडी. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, एका चाळीत ऐंशी. मधोमध लांब पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. खोलीत मोरी असते, संडास मजल्याचे सामायिक. सासरे गिरणीत होते, खोली त्यांच्या नावावर. मी संगमेश्वरकडून लग्न होऊन आले, घराला पुढे अंगण आणि मागे पडवी अशा सवयीची. तो पॅसेज पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एखाद्या सरकारी इस्पितळाचा वॉर्ड आठवला.

आम्ही पाच जण राहायचो. सासूबाई, आम्ही दोघं, मोठी आणि धाकटा. मोठीचा अभ्यास कॉटवर, आणि कॉटवर कोणी झोपलेलं असलं तर कॉटखाली. तिचं एक सांगते, जे मला कळायलाच बराच काळ गेला. नऊ-दहा वर्षांची झाल्यावर ती संध्याकाळी सातनंतर पाणी प्यायची बंद झाली. रात्री संडासला जायचं तर मला उठवायला लागायचं, मग आम्ही दोघी बादली घेऊन पॅसेज ओलांडणार, तिथे कोणीतरी मोबाईल बघत बसलेलं असणार, दिवा गेलेला असणार. त्यापेक्षा पाणीच नको. लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरकडे नेलं तेव्हा हे बाहेर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सकाळी शाळेत जाऊन येईपर्यंतही ही जात नसेल, विचारा." विचारलं. जात नव्हती. आता सांगा, हे चाळीच्या आठवणींच्या कुठल्या लेखात येतं?

धाकट्याची चाळ वेगळीच होती. त्याला पॅसेज हे घरच वाटायचं. रांगायला लागला तो पॅसेजमध्येच. तीन वर्षांचा असताना तो सकाळी उठून चड्डीवर बाहेर पडायचा, समोरच्या वहिनींकडे चहात बुडवलेली खारी खायचा, शेवटच्या खोलीतल्या आजोबांचं रेडिओ ऐकणं चालू असेल तर तिथे बसायचा, आणि जेवायच्या वेळी कोणीतरी त्याला आणून सोडायचं. त्याला "खेळायला नेणं" नावाचा प्रकार आम्हाला माहीतच नव्हता. तो जायचा. वीस दारं उघडी, आणि प्रत्येक दारात त्याला नावाने ओळखणारं माणूस. मी नोकरी करू शकले ती याच्या जिवावर. मी महापालिकेच्या शाळेत शिकवते, गोवंडीच्या बाजूला. सकाळी निघताना सासूबाईंची तब्येत बरी नसली तरी मला धाकट्याची काळजी कधी वाटली नाही.

म्हणजे एकाच खोलीत मुलगी आजारी पडत होती आणि मुलगा मजेत वाढत होता. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दोघांना एकत्र "मुलं" म्हणायची सवय असते.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. पात्रतेसाठी जुन्या भाडेपावत्या, लाईट बिलं, रेशनकार्ड, सासऱ्यांचा मृत्यूचा दाखला, खोली सासूबाईंच्या नावावर करायला दोन्ही नणंदांची ना हरकत पत्रं. धाकट्या नणंदेने सही करायच्या आधी एक पूर्ण दुपार मला जुना हिशेब ऐकवला, मग सही केली आणि चहाही तिनेच केला. अंगठ्यांचे ठसे झाले, करार झाला, आणि नव्या इमारतीतला घर क्रमांक संगणकाच्या सोडतीने आधीच ठरला. सत्ताविसावा मजला. पॅसेजमधल्या कोणाला नववा, कोणाला छत्तिसावा. त्या दिवशी सगळे खूश होते. कोण कोणाच्या शेजारी येतंय हे पाहायचं कोणाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी संगणकाला शेजार काय कळणार.

चाळ रिकामी करताना दोन पर्याय होते, संक्रमण गाळा म्हणजे तात्पुरती राहायला दिलेली जागा, किंवा महिना २५ हजार रुपये भाडं. आम्ही भाडं घेतलं. वरळीत २५ हजारात काय मिळतं हे वरळीकरांना सांगायला नको. काहीजण दिवा, डोंबिवली, बदलापूरला गेले. आम्हाला मोठीची शाळा सोडायची नव्हती, म्हणून प्रभादेवीच्या मागच्या अंगाला एका एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतीत दुसऱ्या मजल्यावर जागा घेतली. २२५ चौरस फूट. १९९५ च्या योजनेत झोपडीच्या बदल्यात एवढंच घर मिळायचं, नंतर ते २६९ झालं, मग ३००. कागदावर ती खोली आमच्या चाळीतल्या खोलीपेक्षा मोठी होती आणि आत स्वतःचा संडास होता.

मोठी पहिल्याच आठवड्यात रात्री जेवताना दोन तांबे पाणी प्यायली. मी काही बोलले नाही, तीही नाही. जळजळ पुन्हा झाली नाही.

धाकट्याला पहिल्या पावसाळ्यात खोकला लागला तो हिवाळ्यातही गेला नाही. रात्री छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. सासूबाईंनी ओवा शेकला, निलगिरी झाली, एका मागून एक सिरपच्या बाटल्या झाल्या. मग एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी छाती तपासायच्या आधी घराचं विचारलं. कितवा मजला? किती जण? खिडकी कुठे उघडते?

हे म्हणाले, "समोरच्या बिल्डिंगच्या खिडकीत."

ते विनोद करत नव्हते. दोन इमारतींत इतकंच अंतर होतं की समोरच्या काकूंच्या कुकरची शिट्टी ऐकून मी आपला गॅस बंद करायला उठायची. दुपारी बारालाही ट्यूबलाइट लागायची. कपाट ओढून पाहिलं तर मागची भिंत ओलीने काळी पडली होती, बुरशीचे ठिपकेच ठिपके. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, क्षयाची तपासणी करून घेतली. क्षय निघाला नाही. बालदमा निघाला. पंप सुरू झाला. "औषध मी देतो," ते म्हणाले, "पण ऊन आणि वारा मला लिहून देता येत नाही."

क्षयाची तपासणी का, हे मला त्यांनी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या वर्गात दरवर्षी एखादं तरी मूल असं असतं की ज्याच्या घरात कोणालातरी टीबीची औषधं चालू आहेत. आमच्या शाळेजवळच नटवर पारेख कंपाउंड आणि मानखुर्दला लल्लूभाई कंपाउंड, या दोन्ही वसाहती प्रकल्पांसाठी हलवलेल्या लोकांना दिलेल्या. इमारती इतक्या जवळजवळ की मधल्या गल्लीत कचरा पडतो, ऊन पडत नाही. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी तिथे घरोघरी जाऊन पाहणी केली होती आणि इमारतींच्या रचनेचा उजेडाशी, वाऱ्याशी आणि क्षयाशी काय संबंध आहे ते तपासलं होतं. निष्कर्ष असा की खालच्या मजल्यांवर, जिथे उजेड आणि हवा पोचत नाही, तिथे रोग जास्त. त्याच भागातल्या जुन्या, मोकळ्या अंतराने बांधलेल्या वसाहतीत तो कितीतरी कमी. मोठा फरक दोन भिंतींमधल्या अंतराचा. त्या अहवालाची शाळेत चर्चा झाली तेव्हा मी मान हलवली होती, शिक्षक हलवतात तशी. आता तोच दुसरा मजला माझ्या घरात आला होता.

खोकल्यापेक्षाही मला जास्त टोचलं ते दुसरंच. तो चार वर्षांचा मुलगा पहिल्या महिन्यात रोज दार उघडून बाहेर जायचा. बाहेर म्हणजे चार बंद दारं आणि जिना. एक-दोन दारं त्याने वाजवलीही. एका घरातून "मम्मीला विचारून आलास का?" असं विचारलं गेलं. वाईट नव्हते ते लोक, अनोळखी होते. तेही कुठून कुठून आणून बसवलेले, एकमेकांचे कोणी नसलेले. खाली उतरलं तर पार्किंग, तिथे मोटरसायकली आणि संध्याकाळी टोळकं. महिनाभराने त्याने दार उघडणं सोडलं. मग मोबाईल आला. तो कसा येतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे, त्यावर प्रवचन करायची माझी तरी लायकी नाही. मी शाळेतून येईपर्यंत सासूबाईंनी त्याला धरून ठेवायचा दुसरा उपाय काय होता?

पहिलीत गेल्यावर त्याच्या बाईंनी सांगितलं, "हुशार आहे, पण दुसऱ्या मुलांशी बोलायला जात नाही. कोणी बोलवायची वाट बघतो." मी स्वतः शिक्षिका. हे वाक्य मी कितीतरी पालकांना सांगितलं असेल.

ह्यांचं म्हणणं, घर मिळालं की सगळं ठीक होईल. आमच्या सगळ्याच लोकांचं तेच होतं. वरळीतल्या कामाचा शुभारंभ ऑगस्ट २०२१ मध्ये झाला होता, इमारती डोळ्यांसमोर वाढत होत्या, रविवारी बाप-लेक मुद्दाम त्या बाजूने जाऊन मजले मोजून यायचे. मला मात्र दर वाढदिवसाला वाटायचं, इमारत वेळेत झाली काय आणि उशिरा झाली काय, याचं पाचवं वर्ष काही पुन्हा यायचं नाही. भाड्याचा चेक वेळेवर येत होता, ती तक्रार नाही. पण भाडं ठरवताना कुटुंबात मुलं आहेत का, किती वयाची, शाळा कुठे, जवळ मोकळी जागा आहे का, हे कोणत्याही अर्जात विचारलेलं नव्हतं. अर्ज चौरस फुटांचा होता.

१४ ऑगस्ट २०२५ ला माटुंग्याच्या यशवंत नाट्यमंदिरात वरळीतल्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्यांचा कार्यक्रम झाला. आमचं घर त्यातलं. चाळीस मजली टॉवर, त्यात आमचं दोन बेडरूमचं घर. सासूबाईंनी उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं आणि स्वतःच आधी ओलांडलं, म्हणाल्या, मी पण नवीच. पहिला खर्च खिडक्यांच्या ग्रीलचा. दुसरा मोठीच्या टेबलाचा.

मोठी आता चौदाची आहे. तिला दार मिळालं. लावता येतं असं दार. आत कडी लागलेली ऐकली की सासूबाई अजून दचकतात, "काय करते गं ती आत?" काही नाही करत, अभ्यास करते, आरशात बघते, मैत्रिणीशी बोलते. चाळीत या तीनही गोष्टी चार माणसांसमोर करायला लागायच्या. तिचे मार्क वाढले का? थोडे. पण मला मार्कांपेक्षा हे दिसतं की ती चिडत नाही. कपडे बदलायचे तर सगळ्यांनी बाहेर जावं म्हणून ओरडणारी ती मुलगी आता नाही.

धाकट्याचा दमा ओसरला. सत्ताविसाव्या मजल्यावर वारा इतका की कॅलेंडर टिकत नाही. पंप कपाटात आहे, क्वचित लागतो. पण तो दार उघडून बाहेर जाईना. पहिल्या आठवड्यात मी त्याला म्हटलं, "जा, खाली पोरं खेळतायत." तो म्हणाला, "खाली म्हणजे कुठे?" बरोबरच होतं त्याचं. खाली म्हणजे लिफ्ट, लिफ्टचं बटण, वॉचमन, पोडियम म्हणजे पार्किंगच्या मजल्यांवरची मोकळी गच्ची, मग कुठला तरी कोपरा. आईला खिडकीतून हाक मारून त्याला वर बोलावता येत नाही, कारण इतक्या वरून पोरं दिसतात ती सगळी सारखीच. म्हणजे त्याला कोणीतरी न्यायला लागतं. संध्याकाळी मी दमून येते, हे आठला येतात, सासूबाईंना लिफ्टची भीती वाटते. ५०० चौरस फुटांत तो पुन्हा मोबाईल घेऊन बसला, यावेळी सोफ्यावर.

याच सुमारास शाळेतल्या एका सहकारीबाईंनी, त्या समाजशास्त्रात एम.ए. करतायत, मला अमेरिकेतल्या एका प्रयोगाबद्दल सांगितलं. १९९४ पासून बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत गरीब वस्तीतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या सुमारे ४,६०० कुटुंबांमध्ये सोडत काढली. सोडत हा शब्द ऐकून मी कान टवकारले. काहींना चांगल्या वस्तीत भाड्याने राहायला मदत मिळाली, काहींना नाही, आणि मग पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या मुलांचं काय होतं ते पाहिलं. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलं की तेरा वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलेली मुलं पुढे विशी-पंचविशीत बरीच जास्त कमवत होती. त्यापेक्षा मोठी झाल्यावर गेलेल्यांना तो फायदा दिसला नाही. हे ऐकून बरं वाटलं, धाकटा आठचाच आहे. मग त्यांनी पुढचं सांगितलं. मनाच्या आरोग्याच्या बाबतीत त्याच प्रयोगात मुली सुधारल्या होत्या आणि मुलगे काही बाबतींत बिघडले होते. घर बदललं, वस्ती बदलली, आणि एकाच घरातल्या बहीण-भावाचा निकाल उलटा.

तिथली आणि इथली गोष्ट एक नाही, हे मलाही कळतं. ती माणसं दुसऱ्यांच्या वस्तीत गेली, आम्ही आमच्याच जागेवर परतलो, चाळींजवळचं जांबोरी मैदान तेच, गणपतीही तेच. आमचा निकाल काही कमाईवर लागायचा नाहीये. पण "मुलांसाठी चांगलं" असं एकदम म्हणायचं नाही, कुठल्या मुलासाठी, कितव्या वर्षी, हे विचारायचं, एवढं मी त्यातून उचललं.

मग केलं ते अगदी साधं. आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर बरी लॉबी आहे. मजल्यावरच्या सगळ्या दारांवर मी एका रविवारी गेले. त्यातली दोन घरं आमच्याच चाळीतली निघाली, फक्त वेगळ्या मजल्यावरची, तोंडओळखीची. बाकी इतर चाळींमधले. म्हटलं, संध्याकाळी साडेपाच ते सात आपापली दारं उघडी ठेवायची, पोरांना लॉबीत सोडायचं, आणि रोज एका घरातल्या आजी किंवा आजोबांनी खुर्ची टाकून बसायचं. एका घराने सरळ नाही म्हटलं, एसी चालू असतो म्हणून. एकीने "बघू" म्हटलं आणि दुसऱ्याच दिवशी सगळ्यात आधी तिचं दार उघडं. सासूबाईंना लिफ्ट नको होती, पण लॉबीत बसायला लिफ्ट लागत नाही. त्यांनी पहिल्या दिवशी लसूण सोलायला घेतला आणि पाहता पाहता तिथे चार म्हाताऱ्या जमल्या. मला वाटतं या सगळ्यात खरा फायदा त्यांचाच झाला असावा.

इमारतीच्या समितीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन दिवसांत फोटो आला. लॉबीत चपला, सायकल, चटई. खाली मजकूर, हा टॉवर आहे, चाळ नाही. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. ह्यांनी फोन काढून घेतला. सायकल आणि चपलांबद्दल ते बरोबर होते. आग लागली तर वाट मोकळी लागते, चाळीस मजल्यांच्या इमारतीत तर लागतेच, आणि जिन्याचं दार वीट लावून उघडं ठेवणं तर चुकीचंच, ते दार धूर अडवण्यासाठी असतं. मी बैठकीत जाऊन हे सगळं मान्य केलं आणि मग विचारलं, आता पोरं कुठे खेळणार ते सांगा. समितीतल्या काकांनी पोडियम म्हटलं. मी म्हटलं, तुमच्या नातवाला रोज कोण नेतं? त्यांची सून मागे बसली होती, ती हसली. ठरलं असं की सामान काहीही नको, माणसं चालतील, आणि साडेसातला लॉबी रिकामी.

धाकटा पहिले काही दिवस दाराच्या चौकटीत उभा राहून बघायचा. बोलवायची वाट बघत. एकदा बारा वर्षांच्या एका पोरीने त्याचा हात धरून त्याला लगोरीत ओढलं, कारण भिडू कमी पडत होता. तीच आता त्याला लिफ्टने जांबोरी मैदानापर्यंत नेते आणि परत आणते. कबड्डीच्या सरावाला लहान गटात त्याचं नाव घातलंय. मोबाईल सुटला असं मी म्हणणार नाही. मागच्या शनिवारी मात्र मी शाळेतून आले तर घरात कोणी नव्हतं, आणि तो तीन दारं पलीकडे कोणाकडे तरी थालीपीठ खात होता. मला न विचारता गेला होता. मी रागावायचं सोडून दारातच उभी राहिले.

डिलाईल रोडला माझी मावसनणंद राहते, तिची चाळ रिकामी व्हायची आहे आणि तिचा मुलगा तीन वर्षांचा. ती फोनवर घराचं विचारते, टाइल्स कशा, किचन केवढं. मी सांगते सगळं. मग सांगते की भाड्याची खोली घेताना घरमालकाकडून करार बघण्याआधी दुपारी बारा वाजता लाईट बंद करून खोली बघ, आणि संध्याकाळी सहा वाजता जाऊन मजल्यावरची किती दारं उघडी आहेत ते मोज. पॅसेजमधल्या एका तरी घराबरोबर मिळून त्याच इमारतीत जागा घे, लांब पडली तरी चालेल. ती म्हणाली, "वहिनी, लांब पडेल तर ऑफिसचं काय?" त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

आमच्या लॉबीचं ताजं प्रकरण असं की पोरांनी चेंडू मारून आगीच्या पाइपच्या कपाटाची काच फोडली. पाचशे रुपये दंड आला, चार घरांत वाटून भरला. चेंडू आता स्पंजचा आहे, तो समितीतल्या काकांनीच आणून दिला.